शॉर्टस्टॉपवरून सेकंड बेसवर हलवलं: इनफिल्डरची कारकीर्द पुढे कशी जाते?

टेक्सासमधल्या एका आईने विचारलं आहे: "मुलगा १४ वर्षांचा आहे. लिटल लीगपासून शॉर्टस्टॉप खेळतो. यंदा मोठ्या मैदानावरच्या ट्रॅव्हल टीममध्ये गेला आणि नव्या कोचने त्याला सेकंड बेसवर उभं केलं. तेव्हापासून तो हिरमुसला आहे. त्याचे बाबा म्हणतात, टीम बदलू. त्याला प्रोफेशनल व्हायचंय. शॉर्टस्टॉप सुटला की तो रस्ता बंद होतो का? आणि इनफिल्डरची कारकीर्द असते तरी कशी? आम्ही दोघंही क्रिकेट बघत वाढलो, यातलं फारसं कळत नाही."

मी अमरावतीत सॉफ्टबॉल खेळत मोठा झालो आणि आता बरीच वर्षं न्यू जर्सीत हायस्कूलच्या वयाच्या मुलांना इनफिल्ड शिकवतो. इनफिल्ड म्हणजे बेसजवळचे चार क्षेत्ररक्षक: फर्स्ट आणि थर्ड बेसमन आपापल्या बेसपाशी, सेकंड बेसमन फर्स्ट आणि सेकंडच्या मधे, शॉर्टस्टॉप सेकंड आणि थर्डच्या मधे. जागा बदलल्यावर डोळ्यांत पाणी आलेली मुलं मी दर मोसमात बघतो, आणि त्यांच्यामागे गाडीपाशी उभे असलेले आईवडीलही. म्हणून आधी सरळ उत्तर देतो: रस्ता बंद होत नाही. पण तुमची भीती अगदीच निराधारही नाही, आणि ते तुमच्यापासून लपवणार नाही.

तुमच्या प्रश्नात खरं तर दोन प्रश्न मिसळले आहेत. यंदा मुलाने कुठे उभं राहावं, हा एक. विसाव्या-पंचविसाव्या वर्षी त्याच्याकडे कोणतं कौशल्य असावं, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर कोचच्या हातात आहे, दुसऱ्याचं बऱ्याच अंशी मुलाच्या. घरात भांडण पहिल्यावरून होतंय आणि काळजी दुसऱ्याची आहे.

तुमच्या भीतीत तथ्य कुठे आहे ते सांगतो. मेजर लीग, म्हणजे इथली सर्वोच्च व्यावसायिक लीग. तिच्या टीम दरवर्षी फेरीफेरीने नवे खेळाडू निवडतात, त्याला ड्राफ्ट म्हणतात. हायस्कूलमधून थेट ड्राफ्ट होणारे इनफिल्डर बहुतेक शॉर्टस्टॉपच असतात. हायस्कूलचा सेकंड बेसमन वरच्या फेऱ्यांत क्वचितच निवडला जातो. स्काउट्सचा, म्हणजे टीमसाठी खेळाडू हेरणाऱ्यांचा, हिशेब सोपा आहे: ज्याला शॉर्टस्टॉप जमतो त्याला पुढे सेकंड, थर्ड, प्रसंगी आउटफिल्डही शिकवता येतं, उलट दिशेने जाणं अवघड. मेजर लीगमधल्या सेकंड आणि थर्ड बेसमनची शाळा-कॉलेजातली नोंद काढून बघा, त्यातले कितीतरी जण तिथे शॉर्टस्टॉप होते. म्हणजे सगळ्यांना त्या जागेवरून सुरुवात करायची असते आणि बहुतेकांना ती कधी ना कधी सोडावी लागते. प्रश्न फक्त कधी आणि कशासाठी, एवढाच.

आता जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते. मी तुमच्या मुलाला खेळताना पाहिलेलं नाही. त्याची उंची अजून किती वाढेल, खांदा किती ताकदीचा होईल, बॅट कशी चालते, यातलं मला काहीच ठाऊक नाही. १४ व्या वर्षी एक मुलगा पुरुषासारखा दिसतो, तर शेजारी उभा असलेला त्याच वर्गातला दुसरा अजून बाळसेदार असतो. दोघांची तुलना करून कोचने यंदाचा संघ लावला असेल तर तो निर्णय यंदापुरता आहे. शिवाय संघात आणखी एक चांगला शॉर्टस्टॉप असेल, तर सेकंड बेसवर ठेवणं म्हणजे दोघांनाही खेळवण्याचा मार्ग असू शकतो. हे कोचला विचारल्याशिवाय कळणार नाही.

मात्र एक गोष्ट न पाहताही सांगता येते. लिटल लीगच्या, म्हणजे लहान मुलांच्या, मैदानात दोन बेसमधलं अंतर ६० फूट असतं, मोठ्या मैदानात ९०. बाजू दीडपट झाली की चौकोनाचं क्षेत्र सव्वादोन पट होतं. थर्डपासून फर्स्टपर्यंतचं सरळ अंतर छोट्या मैदानात सुमारे ८५ फूट, मोठ्यात १२७. शॉर्टस्टॉप उजवीकडे खोल जाऊन बॅकहँडने चेंडू उचलतो, तेव्हा त्याला तेवढाच किंवा त्याहून लांब थ्रो करावा लागतो. काल जो थ्रो आरामात पोचत होता तो आज दोन टप्पे घेऊन जातो. यात मुलाचं काही बिघडलेलं नसतं, मैदान वाढलेलं असतं आणि शरीर अजून तिथवर आलेलं नसतं. या वयात सेकंड बेसवर गेलेली बरीच मुलं सोळाव्या-सतराव्या वर्षी खांदा भरला की परत शॉर्टला आलेली मी पाहिली आहेत. काही आली नाहीत, आणि तिथेच फार सुरेख खेळली.

इनफिल्डरचं काम काय, हे क्रिकेटच्या घरातून आलेल्यांना एकदा नीट सांगायला हवं. क्रिकेटमध्ये कच्चा क्षेत्ररक्षक फाइन लेगला लपवता येतो. इथे तशी जागा नाही. मेजर लीगमधला सर्वसाधारण उजव्या हाताचा बॅटर फटका मारल्यापासून ४.३ सेकंदांच्या आसपास फर्स्ट बेसवर पोचतो, फार वेगवान असेल तर ४ च्या आसपास. तेवढ्या वेळात चेंडूपर्यंत जायचं, उसळी ओळखायची, तो ग्लव्हमधून हातात घ्यायचा, पाय लावायचे आणि फेकायचं. यातला थ्रो सगळ्यांना दिसतो. पण खेळ बहुतेक वेळा पहिल्या पावलावरच ठरलेला असतो. पिचरचा चेंडू बॅटच्या टप्प्यात येतो त्या क्षणी इनफिल्डरचे पाय नुकतेच जमिनीला टेकलेले आणि मोकळे हवेत. ते पाऊल उशिरा पडलं की उसळी सोयीची मिळत नाही, ती घोटा आणि गुडघ्याच्या मधे येते आणि ग्लव्हला लागून सुटते. लोक म्हणतात हात कच्चे आहेत. मी आधी पाय बघतो.

सेकंड बेस सोपा आहे, हा समजही सोडून द्या. थ्रो लहान असतो, हे खरं. पण डबल प्लेमध्ये, म्हणजे एकाच फटक्यावर दोघांना बाद करताना, सेकंड बेसमन पाठीमागून येणाऱ्या रनरकडे न बघता बेसवर येतो, थ्रो घेतो, शरीर वळवतो आणि फर्स्टला फेकतो. २०१५ च्या प्लेऑफमध्ये चेस अटलीच्या स्लाइडमध्ये (बेसकडे घसरत जाण्यात) न्यूयॉर्क मेट्सच्या रुबेन तेहादाचा पाय मोडला आणि २०१६ पासून स्लाइडचे नियम कडक झाले. त्यामुळे धोका कमी झाला, घाई कमी झाली नाही. दुसरा बदल २०२३ चा. आता सेकंड बेसच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन इनफिल्डर असलेच पाहिजेत आणि चौघांचेही पाय इनफिल्डच्या हद्दीत हवेत. पूर्वी शिफ्टमध्ये, म्हणजे बॅटरच्या सवयीनुसार इनफिल्डर एका बाजूला सरकवताना, सेकंड बेसमनला उजव्या आउटफिल्डच्या गवतात उभं करून त्याचा मंद पाय झाकता येई. ते बंद झालं. म्हणून आज सेकंड बेसवरही शॉर्टस्टॉपसारखे पाय असलेला माणूस हवा असतो. तुमच्या मुलाच्या दृष्टीने ही चांगली बातमी आहे.

तुम्ही टेक्सासमध्ये आहात, म्हणून ज्याचा खेळ तुम्हाला आर्लिंग्टनमध्ये सहज बघता आला असता त्याचंच उदाहरण घेतो: टेक्सास रेंजर्सचा माजी सेकंड बेसमन मार्कस सेमियन. माझ्याकडच्या प्रत्येक मुलाला मी त्याची कारकीर्द समजावतो, कारण जागा बदलणं, अपमान वाटणं आणि काम करत राहणं हे सगळं तिच्यात आहे.

सेमियन सॅन फ्रान्सिस्को बे एरियातला. २००८ मध्ये हायस्कूलनंतर शिकागो व्हाइट सॉक्सने त्याला ड्राफ्टमध्ये घेतलं ते ३४ व्या फेरीत. त्याने सही केली नाही, बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात गेला. तिथे २०१० मध्ये खर्च कमी करण्यासाठी विद्यापीठाने बेसबॉलची टीमच बंद करायचं जाहीर केलं. माजी खेळाडू आणि हितचिंतकांनी पैसे उभे केले, टीम वाचली, आणि २०११ मध्ये त्याच टीमने कॉलेज वर्ल्ड सिरीज गाठली. त्या वर्षी व्हाइट सॉक्सने त्याला पुन्हा निवडलं, या वेळी सहाव्या फेरीत. तीन वर्षांच्या कॉलेजने ३४ वरून ६ वर आणलं. हायस्कूलनंतर लगेच प्रोफेशनल व्हायची घाई करणाऱ्या घरांना मी हे आवर्जून सांगतो.

सप्टेंबर २०१३ मध्ये, तेविसावं वर्ष पूर्ण व्हायच्या दोन आठवडे आधी, तो मेजर लीगमध्ये आला. व्हाइट सॉक्सने त्याला सेकंड, थर्ड, शॉर्ट असं फिरवलं आणि २०१४ च्या डिसेंबरमध्ये ओकलंड ए'जला देऊन टाकलं. ओकलंडने त्याला रोजचा शॉर्टस्टॉप केलं. २०१५ मध्ये त्याच्या नावावर ३५ एरर, म्हणजे क्षेत्ररक्षणातल्या चुका, लागले, त्या मोसमात मेजर लीगमधल्या कोणत्याही खेळाडूपेक्षा जास्त. गावच्या टीमसाठी, ओळखीच्या लोकांसमोर. अशा वेळी बहुतेक टीम खेळाडूला दुसऱ्या जागेवर पाठवतात.

ओकलंडने तसं केलं नाही. मे २०१५ मध्ये रॉन वॉशिंग्टन कोच म्हणून आले. ते स्वतः इनफिल्डर होते, टेक्सास रेंजर्सचे मॅनेजर राहिलेले. त्यांच्या सरावात चमकदार काही नाही. गुडघ्यांवर बसायचं, हातात छोटा चपटा ग्लव्ह, समोरून थोड्या अंतरावरून चेंडू, आणि प्रत्येक चेंडू समोर, डोळ्यांखाली घ्यायचा. मग उभं राहून तेच, मग पावलांसह तेच. दररोज, मॅचच्या आधी. २०१६ मध्ये एरर २१ वर आले, २०१९ मध्ये १२ वर. त्या वर्षी सेमियनने ३३ होम रन मारले आणि अमेरिकन लीगच्या एमव्हीपीच्या, म्हणजे मोसमातल्या सर्वात मोलाच्या खेळाडूच्या, मतदानात तो तिसरा आला.

मी हा सराव माझ्या मुलांकडून करून घेतो, आणि सुरुवातीला त्यांना तो कंटाळवाणा वाटतो. गुडघ्यांवर बसलं की पाय मदतीला येत नाहीत. हात कुठे जातो, ग्लव्ह कधी उघडतो, मनगट ताठ आहे की सैल, हे सगळं उघडं पडतं. घरच्या अंगणात, टेनिस बॉलने, भिंतीसमोर हे करता येतं. यासाठी महागडी अकॅडमी लागत नाही.

पुढचा भाग तुमच्या प्रश्नाला थेट लागू आहे. २०२० चा छोटा मोसम सेमियनला वाईट गेला आणि नेमका तेव्हाच तो फ्री एजंट, म्हणजे कोणत्याही टीमशी करार करायला मोकळा, झाला. वय ३०. टोरोंटो ब्लू जेजने एका वर्षासाठी १.८ कोटी डॉलर दिले, पण शॉर्टस्टॉपवर तरुण बो बिशेट होता, म्हणून जागा मिळाली ती सेकंड बेसची. एवढ्या मेहनतीने सुधारलेली जागा सोडून तो सेकंडला गेला. त्या वर्षी तो सगळे १६२ सामने खेळला, गोल्ड ग्लव्ह (त्या जागेवरच्या सर्वोत्तम क्षेत्ररक्षणाचा पुरस्कार) मिळवला आणि ४५ होम रन मारले. मुख्यतः सेकंड बेसवर खेळणाऱ्या खेळाडूने एका मोसमात मारलेल्या होम रनचा तो विक्रम ठरला. आधीचा आकडा डेव्ही जॉन्सनचा, १९७३ मधला ४३. मोसम संपल्यावर टेक्सास रेंजर्सने त्याच्याशी ७ वर्षांचा, १७.५ कोटी डॉलरचा करार केला, आणि शॉर्टस्टॉपवर कोरी सीगरला आणलं. दोघांनी मिळून २०२३ मध्ये रेंजर्सना त्यांची पहिली वर्ल्ड सिरीज जिंकून दिली. २०२५ मध्ये सेमियनला सेकंड बेसवर पुन्हा गोल्ड ग्लव्ह मिळाला, आणि त्या नोव्हेंबरमध्ये त्याची मेट्सकडे अदलाबदल झाली.

तो एकटा नाही. अ‍ॅलेक्स रॉड्रिग्ज २००२ आणि २००३ मध्ये शॉर्टस्टॉपचा गोल्ड ग्लव्ह घेऊन २००४ मध्ये यांकीजकडे आला आणि डेरेक जीटर तिथे होता म्हणून थर्ड बेसवर गेला. कॅल रिपकन सलग २,६३२ सामने खेळला, पण शेवटची वर्षं थर्डवर. एर्नी बँक्स शॉर्टवरून फर्स्टला गेले, रॉबिन याउंट खांद्याच्या दुखापतीनंतर आउटफिल्डमध्ये. चौघांपैकी कुणाचीच जागा हौसेने बदलली नव्हती.

आता कारकिर्दीचा आराखडा आणि पैसे, कारण आईवडिलांना हे आधी माहीत असलेलं बरं. ड्राफ्ट आता २० फेऱ्यांचा असतो, म्हणजे वर्षाला सहाशेच्या वर नावं. चार वर्षांच्या कॉलेजात गेलेला मुलगा साधारणपणे तिसऱ्या वर्षानंतर किंवा २१ वर्षांचा झाल्यावरच ड्राफ्टला पात्र होतो, त्यामुळे तेवढं शिक्षण तरी पदरात पडतं. कॉलेजच्या स्कॉलरशिपबद्दल मोठी स्वप्नं बाळगू नका. डिव्हिजन वनच्या, म्हणजे कॉलेजातल्या सर्वात वरच्या पातळीच्या, बेसबॉल टीमला २०२४-२५ पर्यंत सगळ्यांत मिळून ११.७ स्कॉलरशिप वाटून द्याव्या लागत. आता नव्या व्यवस्थेत सामील झालेल्या विद्यापीठांना ती मर्यादा नाही, पण संघात ३४ जणच ठेवता येतात, म्हणजे जागाच कमी.

निवड झाली की मेजर लीगच्या खालच्या मायनर लीगच्या चार पायऱ्या: सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए. २०२३ मध्ये मायनर लीगच्या खेळाडूंचा पहिला सामूहिक करार झाला. त्यात सिंगल-एचा किमान पगार वर्षाला २६,२०० डॉलर आणि ट्रिपल-एचा ३५,८०० ठरला. त्याच्या वरची पायरी मेजर लीग, तिथे २०२५ मध्ये किमान पगार ७,६०,००० डॉलर होता. मधे मोठी दरी आहे. या दरीत चांगले, मेहनती खेळाडू पाच-सहा वर्षं राहतात आणि बाहेर पडतात. मेजर लीगमध्ये पोचल्यावरही सध्याच्या करारानुसार साधारण तीन वर्षांच्या सेवेनंतर पगारासाठी लवादाकडे जाता येतं आणि सहा वर्षांनंतर फ्री एजंट होता येतं. पंचविसाव्या वर्षी पोचलेला इनफिल्डर मोठ्या कराराच्या दारात उभा राहतो तेव्हा एकतिशी आलेली असते, आणि त्याच्या कामाचं मुख्य हत्यार, म्हणजे पाय, तेव्हाच मंदावायला लागलेले असतात.

इथे एकाहून जास्त जागा येणं कामी येतं. मेजर लीगच्या संघात २६ खेळाडू असतात, त्यात १३ पिचर. उरलेल्या १३ पैकी ९ जण रोज खेळतात, एक राखीव कॅचर. राहिल्या ३ जागा. त्यातली एक जवळपास नेहमीच शॉर्ट, सेकंड आणि थर्ड तिन्ही सांभाळणाऱ्या इनफिल्डरला जाते. बेन झोब्रिस्टने इनफिल्ड-आउटफिल्ड दोन्हीकडे खेळत अख्खी कारकीर्द उभी केली आणि २०१६ च्या वर्ल्ड सिरीजचा एमव्हीपी झाला. पण बॅट चालत नसेल तर या जागाही फार काळ टिकत नाहीत. सेमियनचे ३५ एरर ओकलंडने सहन केले त्यामागे त्याच्या बॅटमधली ताकदही होती.

भारतीय घरांतून हल्ली अर्जुन निम्मलाचं नाव निघतं. फ्लोरिडात वाढलेला, भारतातून आलेल्या आईवडिलांचा मुलगा. २०२३ च्या ड्राफ्टमध्ये १७ व्या वर्षी ब्लू जेजने त्याला २० व्या क्रमांकावर घेतलं, शॉर्टस्टॉप म्हणून. २०२४ मध्ये सिंगल-एची सुरुवात इतकी खराब गेली की टीमने त्याला सामन्यांतून काढून काही काळ बॅटिंगवर काम करायला लावलं. परत आल्यावर तो सुधारला आणि २०२५ मध्ये हाय-एला खेळला. त्याचं यश मुलाला दाखवताना हे मधले आठवडेही दाखवा. पहिल्या फेरीतल्या मुलाच्या वाट्यालाही ते येतात.

थोडक्यात इथवरचं: १४ व्या वर्षीची जागा कायमची नसते, सेकंड बेसलाही आता चांगले पाय लागतात, आणि पुढे टिकतो तो बॅट असलेला, एकाहून जास्त जागा खेळू शकणारा इनफिल्डर. पण शॉर्टस्टॉपचं कौशल्य सोडून द्यायचं नाही.

म्हणून करायचं काय? यंदा टीम बदलू नका, निदान एवढ्या कारणासाठी नाही. मुलाला रोज खेळायला मिळतंय, कोच शिकवणारा आहे, तर तिथेच राहू द्या. जिथे तो शॉर्टस्टॉप म्हणून बाकावर बसेल अशा टीमपेक्षा सेकंडवर रोज खेळणं कितीतरी चांगलं. आणि कोचशी मुलाने स्वतः बोलावं, तुम्ही नाही. "मला शॉर्टला परत यायचं असेल तर काय सुधारू?" एवढाच प्रश्न. चांगला कोच नेमकं उत्तर देतो: थ्रोचा जोर, पहिलं पाऊल, बॅकहँड. "बघू पुढे" असं मोघम उत्तर दोन-तीनदा आलं, तर मात्र मोसम संपल्यावर दुसरीकडे बघायला हरकत नाही.

सरावात सेकंडचं काम झालं की शेवटचे वीस-पंचवीस ग्राउंडर (जमिनीवरून येणारे चेंडू) शॉर्टवरून घ्यायची परवानगी मागावी. बहुतेक कोच खुशीने देतात. पुढे हायस्कूलच्या वयात शोकेसला (कॉलेज कोच आणि स्काउट्ससमोर कौशल्य दाखवायच्या शिबिराला) जाल तेव्हा इनफिल्डरचा थ्रो सहसा शॉर्टस्टॉपच्या जागेवरूनच मोजतात, तो सेकंड बेसमन असला तरी. वरच्या पातळीवरचे कॉलेज कोच तिथे साधारण ताशी ८५ मैल किंवा जास्त बघतात. तो आकडा आज १४ व्या वर्षी गाठायचा नाही, त्याच्यामागे लागूही नका. पाय, कंबर आणि पाठ मजबूत झाली की थ्रो आपोआप वाढतो. नुसता खांदा ताणून वाढवलेला वेग दुखापत घेऊन येतो.

शेवटी, तुम्ही लिहिलं नाहीत पण मला विचारायचंच आहे: तो पिचिंगही करतो का? या वयात हाडांच्या टोकाच्या वाढीच्या पट्ट्या अजून कोवळ्या असतात. मेजर लीग आणि यूएसए बेसबॉलच्या पिच स्मार्ट मार्गदर्शनात १३-१४ वर्षांच्या पिचरसाठी वर्षातले किमान चार महिने थ्रोइंगपासून विश्रांती सांगितली आहे, त्यातले दोन-तीन सलग. टेक्सासमध्ये हवा चांगली म्हणून बारा महिने बेसबॉल चालतो, ट्रॅव्हल टीम तर थांबायला तयारच नसतात. पिचिंग करून त्याच दिवशी शॉर्टवरून लांब थ्रो करत असेल, तर सेकंड बेसवर हलवून कोचने त्याचा हात वाचवला असण्याची शक्यता आहे. तो पिच करतो का, आणि गेल्या वर्षभरात उंची किती वाढली, एवढं कळवा, म्हणजे सरावाचं नेमकं सांगता येईल.